सात नंबरचा पंखा

शांती पागधरेच्या कामाचा आवाज शेडच्या बाहेरूनच ओळखू यायचा. आधी बांगड्यांची किणकिण, मग हातोडीचा ठण. किणकिण, ठण. भंगाराचा तुकडा डाव्या हातात, उजव्या हातात छोटी हातोडी, मान जराशी तिरकी, आणि मग तो तुकडा समोरच्या डब्यांपैकी एकात. हे तांबं, हे पितळ, हे निकेलवालं, हा कचरा. तलासरीच्या हायवेपासून आत असलेल्या जलराज अलॉईज कंपनीत भट्टीत काय जाणार आणि काय नाही, हे आधी शांतीचा कान ठरवायचा.

दोन हजार पंधरा साली कंपनीने धातू तपासायचं यंत्र आणलं. पिस्तुलासारखं दिसायचं. तुकड्याला टेकवलं की पडद्यावर आकडे. ते शिकवायला आलेल्या साहेबाने हौसेने शांतीची परीक्षा घेतली. चाळीस तुकडे वाजवून घेतले. एकोणचाळीस बरोबर, एक चूक.

"तो एक परत बघा," शांती म्हणाली. "वरती रंग हाय त्याच्या. खरवडा जरा."

खरवडून पाहिलं तर शांतीचंच बरोबर निघालं. साहेबाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. शेजारी तुकडे निवडणारी उधवा गावची लाडकी नावाची बाई तोंडाला पदर लावून हसत सुटली. शांती मात्र हसली नाही. ती फारशी हसतच नसे.

आता समुद्रकाठची बाई, चिखले गावची, दोन गाड्या बदलून रोज तलासरीला भंगार बडवायला का येते, असं कुणीही विचारेल. त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. कंपनीच्या पाट्यांवर काय काय लिहिलेलं असो, त्या कंपनीची खरी सुरुवात डहाणूच्या खाडीकाठी एका पत्र्याच्या छपरात झाली. साल एकोणीसशे त्र्याऐंशी. चिमणशेठ नावाचा एक हट्टी गुजराती माणूस, जमिनीत खणलेली कोळशाची भट्टी, धातू वितळवायची एक मूस, आणि मासेमारीच्या होड्यांचे तुटके पंखे. होडीच्या मागे पाण्यात फिरतो तो पंखा. त्या काळी मिळणारे पंखे खाऱ्या पाण्यात दोन-चार वर्षांत सडायचे. चिमणशेठने तांब्यात ॲल्युमिनियम घालून पाहिलं, मग थोडं निकेल, मग चिमूटभर लोखंड. लोक म्हणायचे, शेठ आमटी करतोय. सहा वर्षं त्याची आमटी बिघडतच होती. मग एकदा जमली, आणि चिखल्यापासून झाईपर्यंतच्या होड्या त्याच्या दारात येऊ लागल्या. त्या जमलेल्या मिश्रणाच्या प्रत्येक पंख्याच्या मध्यावर तो छिन्नीने कमळ आणि नंबर ठोकायचा.

सातव्या नंबरचा पंखा रामा पागधरेचा.

रामाचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. शांती एकोणीस वर्षांची. नवी होडी बांधली की कण्याखाली घरच्या बाईची एखादी वस्तू ठेवायची त्यांच्यात चाल होती, कुणी मणी ठेवी, कुणी माहेरचं नाणं. पण रामाने होडी जुनी घेतलेली, कणा कधीच बसलेला. शांतीच्या मनात आलं, पंखा तरी नवा आहे ना! तिने माहेरची पितळी घागर दगडाने चेचून चपटी केली, पदराखाली घेतली, आणि शेठ चहाला गेलेला बघून मुशीत टाकून दिली. धातूत धातू, बिघडतंय काय, असं तिला वाटलं.

बिघडलं! पितळेत जस्त असतं. तापल्या मुशीतून पांढऱ्या धुराचा असा लोट उठला की भट्टीवाले खोकत खोकत खाडीत उतरले. चिमणशेठ धावत आला, डोकं धरून ओरडला, "अरे बेन, आ शुं कर्युं! माझी अख्खी मूस घालवली!"

पंखा ओतला तो पिवळट निघाला. वाजवला तर बाकीच्यांसारखा खणखणला नाही, घुमला, रिकाम्या घागरीत बोलल्यासारखा. शेठ म्हणाला, हा मोडून दुसरा देतो, समुद्र यातलं जस्त खाऊन टाकील. शांती मान खाली घालून रडत उभी होती. रामा तिच्याकडे बघून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या शेठ. तिची घागर हाय. हाच लावतो."

एवढं एक वाक्य शांतीला आयुष्यभर पुरलं. मूल झालं नाही, घर पत्र्याचंच राहिलं, पण त्या वाक्याची ऊब काही गेली नाही.

दोन हजार सहाच्या भाद्रपदात रामाची निळ्या रेघेची होडी 'जीवदानी' बाहेर पडली आणि परतली नाही. होडीवर रामा आणि त्याचा चुलता, दोघंच. चुलत्याच्या मागे रडायला कुणी नव्हतं. वारं सुटलं होतं खरं, पण इतर होड्या आल्या. मग बातम्या सुरू झाल्या. गुजरातेत, जाफराबादच्या एकाने होडी उत्तरेकडे सरकताना पाहिली म्हणे. कुणी म्हणालं, पाकिस्तानवाल्यांनी धरली. दोन वर्षांनी सुटून आलेल्या एका खलाशाने सांगितलं की कराचीच्या तुरुंगात डहाणूकडचा एक रामा आहे. झालं! शांतीने ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं. त्याच वर्षी चिमणशेठने तिला बोलावून घेतलं. कारखाना एव्हाना तलासरीला मोठा झाला होता, परदेशी जहाजांचे पंखे ओतत होता. "घागरवाली," शेठ म्हणाला, "तू माझी मूस बिघडवली. आता कुणी बिघडवणार नाही एवढं बघ." तेव्हापासून ती त्या शेडमध्ये.

कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि हातात सहा-सहा हिरव्या बांगड्या. एकदा सुरक्षेच्या साहेबाने सांगितलं, कारखान्यात काच चालत नाही, काढा. शांती शांतपणे म्हणाली, "काढायला लावल्यात तर उद्यापासून येणार नाय." शेठने त्या साहेबाला आत बोलावून काय सांगितलं कोण जाणे, पुन्हा कुणी विषय काढला नाही.

पण गावात लोकांची तोंडं कोण धरणार? शांती ना धड सवाष्ण, ना विधवा. लग्नघरी हळदीला बोलवायचे आणि तिची ओटी भरायची वेळ आली की बायका एकमेकींकडे बघायच्या. मग कुणीतरी नारळ आणायला आत जायची आणि परत यायचीच नाही. शांतीला ते कळायचं. ती पान खाऊन, "चला, गाडी चुकेल," म्हणून उठायची. घरी येऊन भिंतीशी बोलायची. बोंबील वाळत घालतानाही ती दोघांपुरते घालायची आणि मग उरलेले लाडकीला नेऊन द्यायची. किती एकटं असावं माणसाने, त्याला काही माप असतं की नाही!

दोन हजार चौदा साली सुटलेल्या मच्छीमारांची यादी आली तेव्हा ती रामाचा फोटो घेऊन डहाणूच्या कचेरीत गेली होती. कारकुनाने बोट फिरवत यादी वाचली. एक रामा होता. शांतीने फोटो पुढे सरकवला. तो दीवकडचा, आडनाव दुसरंच निघालं. "पुढच्या यादीत असेल मावशी," कारकून म्हणाला. पुढच्या दोन याद्यांतही नव्हता.

आणि आता जाऊ मागे लागली होती. जाऊ म्हणजे सोनीबाई, रामाच्या थोरल्या भावाची बायको. मनाने वाईट नाही, पण जीभ चाबरी. "शांते, येत्या भाद्रपदात बारा वर्षं भरतात. बारा वर्षं माणूस आला नाय की पुतळा करून दिवस घालतात. त्याला सुटू दे गो बाय, तूही सूट."

"जिवंत माणसाचे दिवस घालतेस?" शांती कडाडली होती. "तुला कुणी सांगितलं तो गेला म्हणून? पुरावा दाखव!"

पुरावा कुणाकडेच नव्हता. शांतीचा सगळा आधार तेवढाच होता.

कंपनीला दोन हजार अठरा साली पस्तीस वर्षं होत होती. चिमणशेठ आता थकला होता, दुपारी तासभर काठी टेकत यायचा. कारभार त्याच्या मुलाकडे, भाविककडे. त्याने ठरवलं, दसऱ्याला मोठा कार्यक्रम करायचा आणि दाराशी काचेच्या पेटीत कंपनीचा अगदी जुना पंखा ठेवायचा. पहिल्या दहातला मिळाला तर सोन्याहून पिवळं. शेडमध्ये येऊन त्याने सांगितलं, "शांतीमावशी, कमळाची खूण दिसली की बाजूला काढायचा. वितळवायचा नाही."

त्याच वर्षी फेब्रुवारीत उंबरगावच्या रघ्या भंगारवाल्याचा टेम्पो आला. ढिगातून शांतीने एक पंखा ओढला. शिंपल्यांनी भरलेला, एक पातं वाकलेलं, मागे शाफ्टचा तुकडा, आणि त्या शाफ्टला अजून पकडून बसलेलं लाकडाचं ढलपं. लाकडावर निळ्या रंगाची एक रेघ. तिने सवयीने हातोडी मारली.

पंखा घुमला.

शांतीने हातोडी खाली ठेवली. इकडे तिकडे बघितलं. मग पुन्हा उचलली आणि हलकेच मारली. पुन्हा तेच. तिने शिंपले खरवडले. पिवळट धातूवर तांबूस चट्टे पडले होते, जस्त खाल्लेले. मध्यावर कमळ, आणि त्याच्या खाली सात.

रघ्या टेम्पोला टेकून तंबाखू मळत होता. शांतीने विचारलं, आवाज जमेल तेवढा साधा ठेवून, "हा कुठं गावला रे?"

"जाळ्यात आला एकाच्या. जाळं फाटलं त्याचं, शिव्या घालत होता."

"कुठं पण? जाफराबादेकडे?"

"कसलं जाफराबाद! इथंच की. तुमच्या चिखल्यासमोर. बारा वावावर. खाली अख्खी होडी हाय म्हणे चिखलात."

बारा वाव, सत्तर फुटांएवढंच पाणी. म्हणजे किनाऱ्यावर उभं राहिलं तर नजर पोहोचते तिथंच. याद्या, कराची, दीवचा रामा, सगळं एका दमात खोटं ठरलं. अकरा नारळीपौर्णिमांना तिने समुद्रात नारळ सोडला होता, रामाला सुखरूप आण म्हणून. आणि तो तिथंच होता, तिच्या समोर.

तिला रडू आलं नाही. आधी भीती वाटली. हे कुणाला कळलं की संध्याकाळी सोनीबाई चार बायका घेऊन दारात येणार, बांगड्या फुटणार, कुंकू पुसलं जाणार. ते एक वेळ सोसलं असतं. पण उद्यापासून वाट कुणाची बघायची? सकाळी उठायचं कशासाठी? तिच्याकडे दुसरं होतं तरी काय?

तिने पंख्यावर गोणपाट टाकलं. दुसऱ्या दिवशी भट्टीच्या डब्यात ढकलायचा, म्हणजे प्रश्न मिटला, असं ठरवून ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी डब्यापर्यंत नेलाही. पण तीच घागर दुसऱ्यांदा आगीत टाकायची? हात चालेना. शाफ्टला धरून बसलेलं लाकडाचं ढलपं तिने तेवढं सोडवलं आणि पिशवीत घातलं. पंखा परत गोणपाटाखाली. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी चिमणशेठ काठी टेकत शेडमध्ये आला. काठी गोणपाटाला लागली, आतून घुमल्यासारखा आवाज झाला, आणि म्हातारा जागच्या जागी थांबला. वाकून त्याने गोणपाट सारलं. लाडकी पाणी प्यायला गेली होती, शेडमध्ये दोघंच होती.

"आ तो तारी घागर," शेठ पुटपुटला. मग त्याने शांतीच्या कपाळाकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं, आणि सगळं त्याला कळलं.

"कुठे मिळाला?"

"चिखल्यासमोर."

शेठ उपड्या डब्यावर बसला. "बेन, तू म्हणशील तसं. म्हणत असशील तर मी आत्ता वितळवायला सांगतो. कोणाला कळणार नाही."

"वितळवू नका," शांती म्हणाली. "पेटीत ठेवा. रोज दिसंल तरी. फक्त होडीचं नाव सांगू नका. माझी शपथ हाय तुम्हाला."

"नाही सांगणार," शेठ म्हणाला, आणि त्याने ते पाळलं.

भाविक तर नाचायचाच बाकी होता. पहिल्या दहातला पंखा! त्याने मुंबईहून पाटी करवून आणली. पंखा क्रमांक सात. ओतल्याचं वर्ष एकोणीसशे एकोणनव्वद. होडी: माहिती नाही. आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'समुद्राने सगळं घेतलं तरी आमचा धातू टिकतो.' ज्याने हे लिहिलं त्याला बिचाऱ्याला काय माहीत! पण शांतीने ती ओळ वाचली तेव्हा तिला पाटीवाल्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

भाद्रपद आला. बारा वर्षं भरली. सोनीबाई पुन्हा आली, या वेळी चाबरं न बोलता, नुसती शेजारी बसून राहिली. "तू म्हणशील तेव्हा," एवढंच म्हणाली. शांतीने तिच्यापुढे चहा ठेवला. आत ट्रंकेत, साडीच्या घडीखाली, निळ्या रेघेचं ढलपं होतं. कुणाला कळलं नाही तर झालं नाही, असं ती मनाशी घोकत राहिली. माणूस स्वतःला काय काय पटवू शकतं! दिवसा पटायचं. कुंकू लावताना आरशात मात्र ती डोळे वर करत नसे.

दसऱ्याला कारखाना फुलांनी मढवला होता. यंत्रांना झेंडूच्या माळा, दारात मांडव, मुंबईचे पाहुणे, खुर्चीत शाल पांघरलेला चिमणशेठ. काचेची पेटी उघडून ठेवलेली, आत सात नंबर, घासून लखलखीत. शांती बायकांच्या मागे उभी होती. भटजींनी ताट हातात घेऊन विचारलं, "कंपनीतली कोणी सवाष्ण आहे का? पंख्याला पहिलं हळदकुंकू तिच्या हातचं लागू दे."

भाविकने मागे वळून पाहिलं. "आमच्या शांतीमावशीच! सगळ्यात जुन्या. त्यातून समुद्रावरच्या. या मावशी, या."

लोकांनी वाट करून दिली. खुर्चीतला शेठ उठायला धडपडला, "भाविक, सांभळ, ऐक—" पण त्याचा आवाज टाळ्यांत बुडाला. शांती पुढे गेली. ताट हातात आलं. कुंकवात बोट बुडवलं. समोर घागर होती तिची. त्या घागरीने रामाला सतरा वर्षं घरी आणलं होतं आणि शेवटी त्याच्याबरोबर खाली गेली होती. गावाशी खोटं वागता आलं, सोनीबाईशी आलं, स्वतःशीही आलं. हिच्याशी कसं वागायचं? रामाच्या मरणावर आपणच सवाष्णीचं कुंकू लावायचं?

बोट पात्यापर्यंत गेलं आणि थांबलं.

"काय झालं मावशी?" भाविक हसत म्हणाला. "लावा ना."

शांतीने ताट मागे वळून लाडकीच्या हातात दिलं. "तू लाव गो. सवाष्ण पाहिजे त्यांना."

"म्हणजे? तुम्ही..." भाविक गोंधळला.

"त्या पाटीवर होडीचं नाव नाय ना," शांती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी मांडवभर ऐकू गेला. "लिहून घ्या. होडी जीवदानी. तांडेल रामा पागधरे. मालक होता माझा."

शेठ एव्हाना तिच्याजवळ पोहोचला होता. त्याने हात जोडले, तिला की पंख्याला, कुणास ठाऊक. लाडकी ताट धरून हुंदके देत होती. शांतीने बोटाचं कुंकू पदराला पुसलं. मग तिथंच, सगळ्यांसमोर, एकेक बांगडी मनगटावरून उतरवली, एकही न फोडता, आणि बाराच्या बारा काचेच्या पेटीत पंख्यापाशी ठेवल्या. बायका घेऊन कुणी दारात यावं, अशी वेळ तिने येऊ दिली नाही. त्या दुपारी ती चिखल्याला गेली, आधी सोनीबाईच्या घरी. दोघी जावा गळ्यात गळा घालून, बारा वर्षांचं एकदम, मनसोक्त रडल्या.

तेराव्यानंतर शांती कामावर आली. दाराशी पाटी बदललेली होती. खालची मोठ्या अक्षरांतली ओळ काढून टाकली होती, तिथं नुसती दोन नावं होती, होडीचं आणि रामाचं. ती दोन्ही हळूहळू, अक्षराला अक्षर लावून वाचून शेडमध्ये आली. लाडकीने तिच्यासाठी डबे लावून ठेवले होते. शांती बसली. तुकडा उचलला, मान तिरकी केली, हातोडी मारली.

ठण.

ती थांबली. हात जरासा हलवून पाहिला, मनगट कानाशी नेलं. लाडकीने काम सोडून तिच्याकडे बघितलं.

"काय गो?"

"काय नाय," शांती म्हणाली, आणि पुढचा तुकडा उचलला.